टिकटिक

बदलापूरच्या बेलवलीतल्या एका तरुणाने नोकरी सोडून मासळीचा धंदा काढला. आजोळ देवबागचं, होडी मामांची, म्हणजे माल घरचाच. मालवणहून रात्रीच्या बसने बर्फाच्या पेट्या बदलापुरात उतरायच्या आणि सकाळी हा बिल्डिंगांचे जिने चढायला लागायचा. बोलण्यात पटाईत, हिशेबाला चोख. तरी दुपारी निम्मी सुरमई पेटीतच. "काकू, सुरमई देऊ? ताजी आहे, मालवणची, घ्याच!" हे एका दमात म्हणून काकूंनी तोंड उघडायच्या आत हा समोरच्या दाराची बेल दाबत असे.

डिसेंबरात तो मामांकडे गेला तो तक्रार घेऊनच. "गिऱ्हाइकांना माशातलं कळत नाही."

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला होडीत घेतलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी मामेबहीणही आली. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मामांनी इंजिन बंद केलं.

"इथे टाकायचं जाळं? मासे आहेत? पाणी किती..."

"गप रव," मामा म्हणाले. "बघ, गादे इले."

राखाडी पाठी वर आल्या, त्यांवर कुबड, कुबडावर लहानसा पर. फूस्स करून श्वास सोडला आणि पुन्हा खाली.

"एवढ्या गढुळात यांना मासा दिसतो कसा? वास येत असणार!"

"डॉल्फिनला वास येत नाही," बहीण म्हणाली. "ते टिकटिक आवाज सोडतात. कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून तो नेमका पुढे जातो, माशावर आपटून परत येतो आणि खालच्या जबड्यातून कानाला पोचतो. परतीचा आवाज ऐकल्याशिवाय सहसा दुसरी टिक सोडत नाहीत. मासा जवळ आला की जबाब लवकर येतो, मग टिकाही भरभर. अगदी शेवटी नुसती चर्र."

"आणि नाही थांबले तर?"

"तर कुठला जबाब कुठल्या टिकेचा, कसं कळणार?"

एवढ्यात एक गादा बोय तोंडात धरून वर आला. मासा आडवा धरलेला. त्याने तो फिरवून डोक्याकडून गिळला. त्याचे दात चावण्यासाठी नसतात, धरण्यासाठी असतात. आणि डोकं आधी गेलं की पर घशात अडकत नाहीत.

मामांना गाद्यांचा पुळका नव्हता. जाळ्यातले मासे ओढताना ते जाळी फाडतात, हा सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांचा जुना राग, आणि तो खोटा नाही. तरी गादे कुठे घुटमळतात हे पाहूनच मामा जाळं सोडत. ब्राझीलच्या लागुना गावात तर शंभराहून जास्त वर्षं मच्छीमार पाग घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. डॉल्फिन बोयांना किनाऱ्याकडे रेटतात आणि अचानक बुडी मारून किंवा शेपूट आपटून इशारा देतात, तेव्हा पाग पडतो. घाई करणाऱ्याच्या पागात पाणीच येतं.

परतीच्या वाटेवर भाचा फारसा बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात बेलवलीच्या त्याच जिन्यात त्याने पेटी खाली ठेवली. "काकू, तुम्हाला काय लागतं?" आणि तिथेच उभा राहिला.

काकूंनी आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग सुरू झाल्या. "सुरमई रोज कोणाला परवडते रे? मांदेली आण, बुधवारी. साफ करून. सासूबाईंना काटे चालत नाहीत, त्यांच्यापुरत्या दोनच तुकड्या. शनिवारी येऊच नकोस. आणि समोरच्यांची बेल वाजवणं आता तरी बंद कर, माळकरी आहेत ते."

गणपतीपासून तो त्या दारात रोज सुरमई ओरडत होता.