खुडूक कोंबडी आणि रसाची बरणी



आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात दोनचार कोंबड्या असतात, आणि वैशाखात आंबे उतरले म्हणजे पुष्कळ घरी रस बरण्यांत भरून ठेवितात. ह्या दोन घरगुती कामांनी गेल्या माघ महिन्यात आम्हांस जे शिकविले, ते आज आपणांपुढे ठेवितो.

आमची एक कोंबडी खुडूक झाली, म्हणून तिच्याखाली आम्ही ११ अंडी ठेविली. पिलू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. तितके दिवस ती चोचीने अंडी उलटीपालटी करिते, म्हणजे सर्वांस सारखी ऊब लागावी व आतील जीव कवचास चिकटू नये. दाणापाण्यापुरती उठते व लगेच परत येते. १८ व्या दिवशी सायंकाळी ती अशीच उठली असता आम्ही घाईघाईने खुराड्याचे दार लाविले आणि प्रार्थनासभेस निघून गेलो. ती आत आहे की नाही, हे पाहिले नाही. रात्रभर ती बाहेर थंडीत राहिली, आणि आत अंडी गार पडली. पुढे कित्येक दिवस ती इमानाने बसली, पण एकही पिलू निघाले नाही. एक अंडे फोडून पाहिले, तो आत लव आलेले पिलू मेलेले होते.

त्याच आठवड्यात फळीवर मागे राहिलेली रसाची बरणी काढिली. झाकण फुगले होते. भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात पुरता वेळ ठेवाव्या लागतात. निकोला अपेर ह्या फ्रेंच गृहस्थाने ही रीत १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतू असतात व ते उष्णतेने मरतात, हे लुई पाश्चर ह्यांनी पुढे प्रयोगांनी दाखविले. ही शेवटची बरणी आम्ही जळण संपत आले म्हणून लवकर उतरविली होती. मुलांच्या आईने तो रस चाखूनही न पाहता खड्ड्यात पुरला व म्हणाली, “अंडी ठेविली म्हणजे पिली झाली, झाकण लाविले म्हणजे रस टिकला, असे आपण धरून चाललो.”

हे शब्द आमच्या जिवास लागले. एका वाडीतील एका कुटुंबास आम्ही बाप्तिस्मा दिला, नावे वहीत लिहिली, आणि नंतर ८ महिने त्यांच्या उंबरठ्यास पाय लाविला नाही. नाताळास ती माणसे मंदिरात दिसली नाहीत, तेव्हा आम्ही त्यांच्या विश्वासास दोष दिला. आता उठून त्यांच्या घरी गेलो. म्हातारी आई म्हणाली, “पाळकसाहेब, आमच्या डोक्यावर हात ठेवलात, तो उचललात तो उचललातच. पोरगा महिनाभर तापाने पडला होता. कोणी आलं नाही.” आम्हांस उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, मत्तयाच्या २३ व्या अध्यायात आपल्या प्रभूने यरुशलेमेविषयी कळवळून पिलांस पंखांखाली गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लाविली. ते नगर त्यास नको म्हणत होते, तरी त्याने आपले पंख मिटले नाहीत. मग जी माणसे आपण होऊन त्याच्या पंखांखाली आली, त्यांस आम्ही गारठ्यात कसे सोडावे?

उपदेशक बंधूंनो, वहीत नाव चढले तेथे तुमचे काम संपत नाही. तेथे ते सुरू होते. संध्याकाळी दार लावण्यापूर्वी कोण बाहेर राहिले आहे ते पाहा. आजाऱ्याजवळ बसा. ज्यास वाचता येत नाही, त्यास शास्त्र वाचून दाखवा. आणि मंडळीतील भगिनींनो, शेजारची नवी बहीण दोन रविवार दिसली नाही, तर पाळकाची वाट पाहू नका. तुम्हीच तिच्या चुलीपाशी जा.

त्या घरातील सून गेल्या रविवारी एकटीच मंदिरात आली. बाकीच्यांकडे आम्ही दर बुधवारी जात आहोत.

हे प्रभो, जे तू आमच्या हाती दिले, ते राखण्यास आम्हांस धीर दे. आमेन.