देवाशी भांडण

आमच्या बार्शीकडे पावसानं फारच ओढ दिली की गावं महादेव कोंडायची. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर जातं ती मोरी चिंध्या आणि चिखल घालून बुजवायची, विहिरीवरून घागरी वाहून आणायच्या आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा. मग दार लोटून घ्यायचं. पाऊस येईपर्यंत देव पाण्यात. भटजींना विचारलं तर ते याला अभिषेकच म्हणायचे. घागरी वाहणाऱ्या बायका तसं म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "कोंडलाय त्याला."

१९७२च्या श्रावणात आमच्या गावानं महादेव कोंडला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आदल्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. गाभारा सभामंडपापेक्षा काही पायऱ्या खाली, त्यामुळे पाणी चांगलं साठायचं. आत तेलाचा आणि वटवाघळांचा मिळून एक वास कायम कोंदलेला असे. पाणी शाळुंकेवर चढलं, बेलाची वाळकी पानं वर येऊन तरंगायला लागली, गंधाचा पट्टा विरघळला आणि मग पिंडीचा माथाही दिसेनासा झाला. आज्जी उंबऱ्याशी उभी होती. रिकामी घागर कमरेवर तशीच ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "आता बस असाच. लेकरं उपाशी झोपत्यात ती दिसंनात व्हय तुला? बघ, जीव गुदमरल्यावर कसं वाटतंय."

मी हादरलो. देवापुढे आवाज चढवायचा नाही हे मला तिनंच शिकवलेलं. पण आजूबाजूच्या कुठल्याही बाईनं कानांवर हात ठेवले नाहीत. उलट एकीनं पदर खोचून पुढची घागर ओतली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत राही, पिंड उघडी पडे आणि बायका पुन्हा भरत. उत्तरा कोरड्या गेल्या, हस्तानं तोंड दाखवलं नाही, शाळू पेरायला ओलच नव्हती. मग सगळं गाव रस्त्याच्या कामावर गेलं. आमच्याकडची जाणती माणसं अजून सांगतात, बहात्तरला प्यायला पाणी होतं, खायला दाणा नव्हता. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि तव्यावर टाकली की एक उग्र वास घरभर पसरायचा. आई खडी फोडायला जाई. हातोडा चुकला तर बोट चेचू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ती डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळायची. संध्याकाळी ती पट्टी सोडवायचं काम माझं होतं. खालची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असे.

दसऱ्याच्या सुमाराला जाणत्यांनी मोरी मोकळी केली. पाऊस न पडताच महादेव सुटला. पुढच्या सोमवारी आज्जीनं नेहमीसारखा उपास धरला आणि बेल घेऊन निघाली. मी विचारलं, "आज्जे, त्यानं तर काहीच दिलं नाही. मग आता कशाला?" ती म्हणाली, "भांडलो म्हून तो परका झाला का?"

पुढे आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं आणि या एका वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येत राहिलो. जगात एवढं दुःख असताना ईश्वर न्यायी आणि दयाळू कसा, हा प्रश्न सगळ्या धर्मांना पडलेला आहे. आपल्याकडे बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, ईश्वरावरचे दोन आरोप स्पष्ट नोंदवले आहेत: वैषम्य, म्हणजे तो पक्षपाती आहे, आणि नैर्घृण्य, म्हणजे तो निर्दय आहे. आरोप इतक्या उघडपणे मांडण्याचं धैर्य मला फार मोठं वाटतं. उत्तर मात्र असं, की ईश्वर प्रत्येकाच्या कर्मानुसारच फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्य भाष्यात यासाठी पावसाचाच दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या बियांना सारखाच. भात उगवतो की जव, हे बी ठरवतं.

हा भाग वर्गात शिकवताना मी दर वेळी अडखळलो. बहात्तर साली बी शेतकऱ्याच्या हातात तयार होतं, पाऊसच नव्हता. दुष्काळ सगळ्या शिवारावर सारखा पडला, भूक मात्र सारखी पडली नाही. ज्यांची पेवं भरलेली होती त्यांच्या चुली पेटत राहिल्या आणि ज्यांना भुई नव्हती त्यांची पोरं कामावरच्या सुकडीची वाट बघत बसली. या पोरांचं पूर्वकर्म शोधायला गेलं की ईश्वर निर्दोष सुटतो आणि उपाशी पोर आरोपी ठरतं. तर्काच्या दृष्टीनं उत्तर कितीही नीटस असो, मला ते कधी मान्य करता आलं नाही. आज्जीला तर ते ठाऊकही होतं. कीर्तनात प्रारब्ध तिनं शेकडो वेळा ऐकलेलं. पण स्वतःच्या दारात भूक आली तेव्हा तिनं प्रारब्धाकडे बोट केलं नाही, सरळ महादेवाकडे केलं.

यात ती एकटी नव्हती. आपली सगळी भक्तिपरंपरा भांडणाची आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई त्याला शिव्या घालते. १६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडालं, आणि त्यानंतर जो अभंग जन्माला आला त्यात देवाला केलेलं आर्जव आहे तसाच त्याला विचारलेला जाबही आहे. आपण हे अभंग भजनात इतक्या गोड चालींवर म्हणतो, की त्यातला राग ऐकूच येत नाही.

चोखोबांचं प्रकरण याहून अवघड. ते आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. १३३८ साली तिथल्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. हयातभर त्यांना त्या पायरीच्या आत जाता आलं नाही. त्यांच्या काही अभंगांत आपल्या हीन जन्माचं कारण पूर्वकर्मात शोधलेलं सापडतं, आणि ते वाचताना मला अतोनात वाईट वाटतं. पण पत्नी सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा यांचा सूर तसा नाही. कर्ममेळा तर देवाला थेट विचारतो, की आम्हाला असं जिणं देऊन तू काय मिळवलंस? हा प्रश्न दाराबाहेर उभा राहिला आणि सहाशे वर्षं तिथेच राहिला. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं.

म्हणून आज्जीच्या वाक्याला एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महादेव कोंडताना घागरी वाहणाऱ्यांत आमच्या वस्तीतल्या बायका होत्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कुणी नव्हतं. त्यांची विहीर वेगळी होती आणि देवळाच्या पायऱ्या त्यांच्यासाठी नव्हत्याच. त्या वस्तीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे वडील रस्त्याच्या कामावर आईच्या शेजारच्याच ढिगावर खडी फोडत. आईनं एकदा त्यांना सहज म्हटलं, "देवानं असं का करावं हो?" ते म्हणाले, "बाई, आम्ही त्याला इचारायचं सोडलंय. छप्पन सालापासनं तो आमचा न्हाई." हातोडा न थांबवता म्हणाले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे गृहस्थ तरुण असणार. माझ्या आज्जीला देवाशी भांडता आलं, कारण देव तिचा होता आणि गावानं तो तिचा असू दिला होता. ज्यांना उंबऱ्यापर्यंतही येऊ दिलं नाही त्यांनी नातंच तोडलं. माझ्या मते ते बरोबर केलं. त्यांच्या त्या नकारात मला आज्जीच्या शिव्यांइतकीच सचोटी दिसते. बुद्धांनी दुःखाचं कारण ईश्वराकडे शोधायचंच नाकारलं आणि माणसाला त्याच्याच पायांवर उभं केलं. ज्याला हे पेलतं त्याला महादेव कोंडायची गरज नाही.

मला ते पेललं नाही. मी श्रद्धाळूच राहिलो. पण गेल्या काही वर्षांत गावातली श्रद्धा बघून मन उदास होतं. देवळाला आता आतून फरशी बसवली आहे, भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवर आहे, सप्ताहात लाऊडस्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हाही गावात कुणी मोरी बुजवली नाही. टँकरसाठी तहसीलवर मोर्चा गेला आणि तेच योग्य होतं. पाण्याचा जाब तहसीलदाराला विचारता येतो हे बहात्तरनंतर आपण शिकलो, आणि रोजगार हमीचा कायदाही त्याच दुष्काळातून उभा राहिला. माझी तक्रार वेगळी आहे. देवापुढे आता फक्त मागणी आणि आभार उरलेत. तिथे रागावायला मज्जाव झाला आहे. रागावणारा माणूस नास्तिक तरी ठरतो, नाहीतर अशुभ.

या रागाला कुठेतरी जागा लागते. ती देवाकडे नाही, कचेरीत जाऊन उपयोग नाही, असं झालं की माणूस तो स्वतःवर काढतो. आमच्या भावकीतल्या एका तरुण शेतकऱ्यानं असंच स्वतःला संपवलं. त्याच्या मनात नेमकं काय होतं हे कुणी सांगू शकणार नाही आणि मीही सांगत नाही. दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं. बुवा चांगले, अभ्यासू. ओघात त्यांनी प्रारब्ध काढलं: ज्याची जेवढी शिदोरी, तेवढीच वाट. बायकांच्या गर्दीतून त्या मुलाची आई उठली. मी तिला धाकटी काकू म्हणतो. आयुष्यात कधी चारचौघांत बोललेली नाही.

"महाराज, माझ्या लेकाचं प्रारब्ध तुमी सांगू नगा," ती म्हणाली. "त्याचं काय चुकलं ते मी त्यालाच इचारणाराय." आणि तिनं वर हात केला.

कुणीतरी तिला खाली बसवायला धावलं. बुवांनी हातानं त्याला थांबवलं, माइक बाजूला केला आणि म्हणाले, "बोला माउली." मग ती बोलली. सोयाबीनचा दर, विम्याचा अर्ज, विहिरीला न लागलेलं पाणी, सोसायटीची नोटीस आणि पांडुरंग, सगळ्यांची नावं तिनं एकाच दमात घेतली आणि एकेकाला जाब विचारला. त्या दिवशी प्रवचन पुढे झालं नाही. काकूचं झाल्यावर आणखी एक बाई उठली, तिच्यानंतर एक म्हातारा उठला, आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत माणसं एकेक करून आपापलं सांगत राहिली.