दुसऱ्याच्या वतीने दिलेली संमती

आपले रक्त दुसऱ्यासाठी देणे हा परोपकार होय. परंतु दुसऱ्याला न विचारता त्याचे रक्त देऊन टाकणे ह्याला कोणी परोपकार म्हणणार नाही. मग ज्याला विचारावयाचे तोच विचारलेले घटकाभरात विसरत असेल, तर काय करावे? अल्झायमरच्या आजारावर नवी औषधे शोधणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो, आणि त्यांच्याइतकाच तो रुग्णाच्या घरच्यांपुढेही उभा राहतो.

आम्ही दिलसुखनगरचे रहिवासी. येथे शिकवणी वर्गांच्या पाट्यांखालून हजारो मुले सूत्रे घोकीत जातात, आणि त्याच गल्ल्यांतील एखाद्या घरात कोणी आजी आपल्या पोटच्या मुलाचे नाव विसरून बसलेली असते. ज्या औषधाची तिच्या घरचे वाट पाहतात, तशा एका औषधाचा शोध ह्याच हैदराबाद शहरात चालला आहे. येथील सुवेन लाइफ सायन्सेस ह्या कंपनीने मासुपिर्डीन नावाचे नवे रसायन तयार केले. मेंदूतील सेरोटोनिन ह्या द्रव्याच्या एका ठराविक ग्राहकाला अडवून स्मृतीला आधार देता येईल, अशी त्यामागील कल्पना. अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर सव्वीस आठवडे त्याची चाचणी झाली. हे रुग्ण डोनेपेझिल व मेमँटीन ही जुनी औषधे घेतच होते. २०१९ साली निकाल आला, तेव्हा स्मृती व आकलन ह्यांत अपेक्षित फरक पडला नव्हता. पुढील छाननीत मात्र, जे रुग्ण फार अस्वस्थ व चिडचिडे झाले होते त्यांची अस्वस्थता कमी झाल्याची चिन्हे दिसली. म्हणून आता त्याच औषधाची त्या कारणासाठी तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. काहींना औषध मिळते, काहींना बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते. औषध ठरले तरी त्याचा मोठा लाभ पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णांना व्हायचा. तेव्हा चाचणीत भाग घेणे हे एक दान आहे. आईचे असे दान मुलाने करावे काय?

काहीजण म्हणतील, कधीच करू नये. हे ऐकायला सोपे वाटते. परंतु आजार बळावलेल्या रुग्णांवर औषध कधी पारखलेच नाही, तर त्यांच्यासाठी औषध निघावे कसे? लेकॅनेमॅबसारखी अलीकडची औषधे आजाराच्या आरंभीच्या अवस्थेसाठी आहेत. त्या अवस्थेत रुग्ण बहुधा समजून सही करू शकतो. ज्यांची समज गेली त्यांना संशोधनातूनच वगळणे, म्हणजे त्यांना आशेतूनही वगळणे होय.

दुसरे कोणी म्हणतील, मोठी माणसे सांगतात तेथे सही करावी. ह्याचे उत्तर आमच्याच भागातील एका प्रसंगात आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. रोग निराळा, पण सहीचा प्रश्न हाच. अनेक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये ते काम थांबवण्यात आले, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

२०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नसेल, तर कायद्याने मान्य असा प्रतिनिधी ती देऊ शकतो. अगदी नव्या रसायनाची चाचणी असेल, तर अशा दुर्बल व्यक्तींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. माहिती रुग्णाला कळेल त्या भाषेत द्यावी लागते. म्हणून ज्या आजीला उतारवयात शिकलेली तेलुगू सोडून गेली आणि मराठीच उरली, तिला मराठीत समजावून मागण्याचा घरच्यांना हक्क आहे.

परंतु कायदा सही पाहतो. सही करणाऱ्याने आपल्या अंतःकरणात काय पाहावे? आम्हांस वाटते, त्याने आधी स्वतःला विचारावे, ‘माझ्या इच्छेप्रमाणे मी हे करतो आहे, की आई शहाणी असताना तिने हेच केले असते म्हणून?’ जी बाई जन्मभर शेजाऱ्यांच्या आजारपणात धावत गेली, तिच्या नावाने दिलेली संमती तिची असू शकते. जिला सुईचे नाव निघताच कापरे भरे, तिच्या नावाने दिलेली संमती मुलाचीच.

ह्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. माणसाची समज गेली तरी त्याचा नकार जात नाही. तो तोंड फिरवतो, हात ओढून घेतो, रडतो. आता ज्या चाचणीत अस्वस्थतेवरच औषध पाहावयाचे, तेथे ही धडपड आजाराचे लक्षण समजावी की ‘मला नको’ हे बोलणे समजावे? कोणतेही यंत्र हे सांगू शकत नाही. आईला रोज न्हाऊ घालणाऱ्या लेकीला किंवा सुनेला मात्र ते पुष्कळदा कळते. तिचे ऐकले पाहिजे, आणि तिलाही शंका असेल तर थांबले पाहिजे. असे केल्याने काही रुग्ण चाचणीतून गळतील आणि औषध उशिरा येईल, हे आम्ही जाणतो. तो उशीर दुसऱ्या कोणा आजीला सोसावा लागेल, हेही खरे. तरीसुद्धा आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला वयाची किंवा स्मरणशक्तीची अट घातलेली नाही.

वाचक बंधुभगिनींनो, हा भार थोडा हलका करणे आपल्या हाती आहे. आज जे पन्नाशी-साठीत आहेत त्यांनी, बुद्धी शाबूत आहे तोवर, आपली इच्छा मुलाबाळांना सांगावी: पुढे असा आजार झाला तर संशोधनासाठी माझा उपयोग करा किंवा करू नका, कोठवर करा, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. दोन साक्षीदारांसमोर ते कागदावर लिहिले तर उत्तम. मृत्युपत्र करताना घर आणि दागिने कोणाला जावेत हे आपण लिहितो. आपल्या विस्मरणाच्या दिवसांत आपल्या देहावर कोणाचा शब्द चालावा, हे लिहिणेही तितकेच अगत्याचे आहे.