शुद्धीची घटका

असरच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक निवृत्त शिक्षक मशिदीत थांबले. त्यांच्या पत्नीस ‘ल्युई बॉडी डिमेन्शिया’ झाला आहे. अंगणात नसलेली मुले त्यांना दिसतात, हातपाय ताठरतात, झोपेत त्या ओरडतात; आणि एखाद्या सकाळी मात्र फज्र बिनचूक अदा करून नातवंडांची नावानिशी चौकशी करतात. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीविषयी सुचविले होते. “तिच्यावर प्रयोग करू देण्याचा मला अधिकार आहे काय? आणि न केल्यास मी गुन्हेगार ठरेन काय?” असे त्यांनी विचारले.

हा रोग समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल यांनी काहींची बुद्धी काही काळ सावरते. उलट, भास थांबावेत म्हणून दिलेले हॅलोपेरिडॉलसारखे औषध याच रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा केवळ नियत नेक असून भागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. परंतु ज्याचा लाभ अनिश्चित आहे, असा उपचार बहुसंख्य फुकहांच्या मते फर्ज नाही. ते गुन्हेगार नाहीत.

पहिला प्रश्न अवघड. झटके येणारी एक स्त्री प्रेषित (स.) यांच्याकडे आली, ही हदीस सर्वांस परिचित आहे. सब्र केल्यास जन्नत, अथवा बरे होण्यासाठी दुआ, असे दोन मार्ग तिच्यासमोर ठेवले गेले. तिने सब्र पत्करला. झटक्यात अंग उघडे पडू नये, एवढीच दुआ मागितली. ही हदीस आपण सब्रची महती सांगण्यासाठी सांगतो (मीही खुतब्यात तशीच सांगत आलो). पण निवड तिच्यावर सोपविली गेली होती, याकडे आपले लक्ष जात नाही.

फिकहमध्ये अखंड वेडेपणा आणि अधूनमधून शुद्ध येणारा वेडेपणा असा भेद केलेला आहे. शुद्धीच्या काळातले, म्हणजे ‘इफाका’तले, व्यवहार ग्राह्य धरले जातात. ल्युई बॉडी रोगाचे तर लक्षणच हे चढउतार! म्हणून मी त्यांना म्हणालो, “सर, अशा सकाळी भाभींनाच विचारा. औषधाने त्रास होऊ शकतो, कदाचित काहीच लाभ होणार नाही, हेही सांगा. एकदा नव्हे, दोनतीनदा विचारा. थोरल्या मुलीस जवळ बसवा.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती नको म्हणेल, या भीतीनेच आजवर विचारले नाही.”