दुपारचं ऊन आणि हाडं

सकाळी दहाला सांगलीच्या विश्रामबागेतून विलिंग्डन कॉलेजकडे, वालचंद कॉलेजकडे, बँकांकडे स्कूट्या धावू लागतात. चालवणारीच्या डोळ्यांपर्यंत स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगावर सनकोट. सांगलीचं ऊन कितीही कडक असो, तिच्या कातडीला ते लागतच नाही. पुढे दिवसभर खुर्ची. मग हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व मिळायचं कुठून?

हाडांत भर पडते ती साधारण तिशीपर्यंत. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. दुखत काहीच नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, टेकवलेलं मनगट मोडतं, तेव्हा कळतं. आपल्याकडे पाळी बहुधा पन्नाशीच्या आतच जाते. निवृत्ती तेव्हा बरीच लांब असते.

पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. चहातल्या दुधाने ते भागत नाही, हे मी स्पष्टच सांगते. नाचणी, तीळ, दही लागतं. कोवळ्या उन्हातलं चालणं स्नायूंना, हाडांना चांगलंच; ड जीवनसत्त्व मात्र दुपारच्या उन्हात जास्त बनतं. मधल्या सुट्टीत बाह्या सरसावून जरा बाहेर उभ्या राहा. आणि पाळी गेली असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना या महिन्यातच विचारा.