झोपेचं वेळापत्रक कोण लावतं?

वैद्यकीय महाविद्यालयांत आताशा वर्षातून एकदा तरी ‘ताणमुक्त जीवनशैली’ या विषयावर व्याख्यान होतं. वक्ते बाहेरून येतात, शाल-श्रीफळ होतं आणि मग सल्ले सुरू होतात: सात-आठ तास झोपा, वेळेवर जेवा, रोज अर्धा तास चाला, मोबाइल उशाशी ठेवू नका. समोरची निम्मी पोरं तेवढ्यात डुलकी काढून घेतात. वक्त्याने वाईट वाटून घेऊ नये. पहिलाच सल्ला बसल्या जागी अमलात आणणारे श्रोते त्याला दुसरीकडे मिळायचे नाहीत.

या सल्ल्यांमागे एक गृहीत असतं. झोप, जेवण, व्यायाम हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला आहे आणि पोरांनी तो आपल्या हाताने बिघडवून घेतला आहे, असं ते गृहीत. मला तेच पटत नाही. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींच्या सवयी बऱ्याच अंशी त्यांच्या नसतातच. परीक्षेची पद्धत, ड्युटीचा तक्ता आणि रुग्णालयातली रिकामी पदं मिळून त्या लावतात.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकाने 2016च्या डिसेंबरात एक मोठा आढावा छापला होता. त्यात 43 देशांतले 1,22,356 वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांतल्या 27.2 टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली. हे आकडे बहुतांशी प्रश्नावल्यांवरून काढलेले, म्हणजे प्रत्येकाचं रीतसर निदान झालेलं नव्हतं. शिवाय कुठल्या अभ्यासात प्रमाण 9.3 टक्के, तर कुठल्या अभ्यासात 55.9. त्यामुळे कुठला देश जास्त दुःखी याची शर्यत लावण्यात हशील नाही; मोजपट्टीच प्रत्येकाची निराळी. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ज्या थोड्या अभ्यासांनी तीच मुलं प्रवेशाआधी आणि शिकत असताना अशी दोनदा तपासली, त्यांत शिकताना लक्षणं वाढलेली निघाली. अमेरिकेतल्या 2014च्या एका अभ्यासात तर वैद्यकीय शाळेत पाऊल ठेवणाऱ्यांचं मानसिक आरोग्य त्यांच्या वयाच्या इतर पदवीधरांपेक्षा चांगलं होतं. तेव्हा ‘हल्लीची पोरंच कच्च्या मनाची’ हे पालुपद निदान इथे तरी बंद करायला हरकत नाही. आत शिरताना ती धडधाकट असतात.

आत काय होतं? माझी भाची एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनची जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, होती. सकाळी सहाला वॉर्डात, कारण राउंडच्या आधी सगळ्यांचं रक्त काढून झालं पाहिजे. ॲप्रनच्या एका खिशात रक्त भरायचे प्लेन आणि ईडीटीएचे बल्ब, दुसऱ्यात मायक्रोपोरची पट्टी. तिच्यावर पेशंटचं नाव लिहून बल्बला चिकटवायचं. वॉर्डबॉय मामा जागेवर नसले तर सीटीला जाणारी ट्रॉली स्वतःच ढकलायची. मग रिपोर्टांच्या मागे धावायचं, डिस्चार्ज कार्डं लिहायची, नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. इमर्जन्सीचा दिवस संपून दुसरा उजाडला तरी तिचा दिवस तोच असायचा. मेसचा डबा रात्री अकराला उघडावा तर आमटीवर तुपाचा थिजलेला थर. बहिणीचा फोन आला की, “जेवलीस का गं?” आणि तिचं पाठ झालेलं उत्तर, “हो.” दिवाळीत घरी आली ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. तिला पाहून एक काका म्हणालेच, “डॉक्टर असून स्वतःची तब्येत सांभाळता येत नाही.” या दिनक्रमात तिने निवडलेलं असं नेमकं काय होतं, हे मी अजून शोधतो आहे.

ही रीत फार जुनी नाही. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889मध्ये सुरू झालं आणि तिथे विल्यम हॅलस्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रुग्णालयातच राहून, चोवीस तास बांधील राहून शिकायचं अशी पद्धत बसवली. हॅलस्टेड थोर सर्जन होता, यात वाद नाही. पण 1884पासून कोकेनवर प्रयोग करता करता त्याला त्याचं व्यसन जडलं आणि उपचारांनंतर मॉर्फिनही आयुष्यभर सुटलं नाही. ज्युनियर डॉक्टरांनी किती दमावं याचा पायंडा अशा माणसाने पाडला. जग मात्र त्या पद्धतीकडे निसर्गनियम असल्यासारखं बघत राहिलं.

न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला, म्हणून 1989मध्ये त्या राज्यात आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली; देशभर ती यायला 2003 उजाडलं. युरोपीय संघात ज्युनियर डॉक्टरांनाही 48 तासांचा नियम लागू आहे. आणि आपल्याकडे? केंद्र सरकारच्या 1992च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांहून जास्त काम एरवी नको, आठवड्याला सरासरी 48 तास, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात शिफारस आहे 74 तासांची. बत्तीस वर्षांत आपण 48वरून 74वर आलो आणि त्याला सुधारणा म्हणावं लागतं, कारण प्रत्यक्षात तेवढ्यावरही कुणी थांबत नाही.

पिळवटण्याची जागा मात्र देशागणिक बदलते. आपल्याकडे ती प्रवेशाच्या दारातच आहे: 2024च्या ‘नीट’साठी सुमारे 24 लाख अर्ज आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. लातूरच्या रिपीटर बॅचमध्ये दोन-दोन वर्षं काढलेलं पोर कॉलेजात येतं तेच दमून. फ्रान्समध्ये 1971पासून जागांचा आकडा ठरलेला असे. पहिल्या वर्षाला भरमसाट मुलं घ्यायची आणि वर्षाअखेर बहुतेकांना बाहेर काढायचं, असा तो खाक्या. पुढे तिथे सुधारणा झाली, पण स्पर्धा काही गेली नाही. नेदरलँड्सने 1972 साली वेगळाच मार्ग धरला होता: गुणांचा थोडा भार देऊन चक्क सोडत! आपल्याकडे कुणी नुसतं सुचवलं तरी मोर्चे निघतील. पण चिठ्ठी निघाली नाही म्हणून कुणी स्वतःला नालायक समजत नाही, एवढा तरी गुण त्या पद्धतीत आहेच.

जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशियात शिकणाऱ्या आपल्या मुलांचा पीळ शेवटाला असतो. एजंट फी सांगतो, ‘इंडियन मेस’ सांगतो. वॉर्डात पेशंटशी रशियन किंवा जॉर्जियन बोलावं लागेल हे तो ओझरतं सांगतो, आणि परत आल्यावरच्या एफएमजीई परीक्षेत अलीकडे बऱ्याच वेळा पाचांतला एखादाच उत्तीर्ण होतो, हे तर सांगतच नाही. 2024च्या मे महिन्यात किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले तेव्हा आपल्या पोरांना खोलीबाहेर पडू नका असं सांगायची वेळ दूतावासावर आली.

परदेशी शिकायला गेलेल्यांची आपली आद्य नायिका आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियात 1885च्या ऑक्टोबरात काढलेल्या एका फोटोत त्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबूली यांच्या शेजारी बसल्या आहेत. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या पोशाखात. आनंदीबाई 1886मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेल्या. ओकामी 1941पर्यंत जगल्या. आपण आनंदीबाईंचा त्याग गातो, तो गावा असाच आहे. पण थंडी, न मानवणारं अन्न आणि खंगत चाललेली तब्येत यांची गोष्ट सांगताना आपला सूर कौतुकाचाच लागतो. झिजलेल्या शरीराला ओवाळायची ही हौस आज जेआर वनच्याही वाट्याला येते: ‘आम्हीही सोसलं, तुम्हीही सोसा.’

मग ही मुलं मदत का मागत नाहीत? ‘जामा’च्या त्याच आढाव्यात नैराश्याची लक्षणं दिसलेल्यांपैकी जेमतेम 15.7 टक्क्यांनी मानसोपचार घेतले होते. शिकतात डॉक्टरकी आणि उपचार घेत नाहीत, यात विसंगती वाटेल. पण मानसोपचाराची ओपीडी त्यांच्याच कॉलेजात असते. केस पेपर काढायला उभं राहायचं ते उद्या आपल्याकडे येणाऱ्या पेशंटच्या रांगेत. आत बसलेले सर परवा व्हायवा घेणार. अमेरिकेत अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारत. तो प्रश्न आता कुठे हटू लागला आहे. नॉर्वेत डॉक्टरांसाठी ‘व्हिला साना’ नावाचं सल्ला केंद्र 1998पासून आहे, तिथे रुग्णनोंद ठेवतच नाहीत. आणि सगळाच त्रास झोपेचा नसतो. निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी 2019मध्ये मुंबईत आत्महत्या केली, त्यात आरोप होता तो वरिष्ठांकडून जातीवरून झालेल्या छळाचा. तिथे कुठली दिनचर्या सुधारायची?

बदल होऊ शकतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने 2009पासून सुरुवातीच्या वर्षांतले वर्गाचे तास सुमारे दहा टक्क्यांनी घटवले, गुणांऐवजी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढंच ठेवलं आणि आवडीचा विषय शिकायला वेळ मोकळा केला. मुलांमधलं नैराश्य आणि चिंता दोन्ही बरीच घटली, परवाना परीक्षेचे गुण घसरले नाहीत. पोरं तशीच होती, वेळापत्रक बदललं होतं.

रुग्णालयात हे अवघड आहे, कबूल. तास कमी केले आणि काम तेवढंच ठेवलं तर तेच काम धावत उरकावं लागतं. रक्त काढायला तंत्रज्ञ, ट्रॉलीला माणूस, नोंदींना कारकून हवा, म्हणजे पदं मंजूर हवीत, आणि ती फाइल कुठे असते ते सांगायला नको. तोवर पालकांच्या हाती एक गोष्ट आहे. प्रवेशफेरीत आपण फी विचारतो, बाँड विचारतो, कॉलेजचं नाव बघतो. युनिटमध्ये जेआर किती, होस्टेलच्या खोलीत किती जण, आठवड्याची सुट्टी खरंच मिळते की कागदावरच, हे तिथल्या एखाद्या सीनियरला फोन केला की पाच मिनिटांत कळतं.