काढणं वेगळं, सोडणं वेगळं

आचोळ्यात सकाळी लवकर निघालात, तर पाठीवर किटबॅग घेतलेला एखादा पोरगा रिक्षाच्या रांगेत दिसेल. नालासोपाऱ्याहून लोकल, मग मुंबईतलं मैदान. पुढच्याच स्टेशनवरून, विरारहून, पृथ्वी शॉ असाच जायचा. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६. २०१८ मध्ये पहिल्याच कसोटीत १३४. २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं. फिटनेस आणि शिस्त, अशी कारणं बातम्यांत आली. तेव्हा अनेकांना वाटलं, एवढा गुणी खेळाडू आहे, थोडं सांभाळून घ्यायला काय हरकत?

मला वाटतं, हरकत आहे. सांभाळून घेण्याची किंमत निवड समितीला मोजावी लागत नाही. ती मोजतो बाकावरचा खेळाडू, जो रोज वेळेवर नेटमध्ये येतो आणि ज्याच्या नावावर ३७९ नाहीत. गुण एकट्याचे असतात, संघातली जागा सगळ्यांची असते.

पण संघाचा हक्क तिथेच संपतो. जागा काढून घेता येते, माणसाला मोडीत काढता येत नाही. चौदाव्या वर्षी त्याला 'पुढचा सचिन' आपणच केलं आणि पुढे त्याच्या वजनावरचे मीम्सही आपणच फॉरवर्ड केले. त्यातलं कुठलं शिस्तीसाठी होतं?

एनबीएमध्ये खेळाडूची अदलाबदल होते, अनेकदा त्याला न विचारता. रणजीत तसं नसतं. राज्य बदलायचं तर आधीच्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. २०२५ मध्ये शॉने ते मागितलं, मुंबईने दिलं, महाराष्ट्राने त्याला घेतलं. ऑक्टोबरमध्ये त्याने चंडीगडविरुद्ध २२२ केल्या.

म्हणजे मुंबई चुकली? नाही. निर्णय बरोबर की चूक, हे त्या दिवशी जे समोर होतं त्यावरून ठरतं, वर्षभरानंतरच्या स्कोअरकार्डवरून नाही. शून्यावर बाद झाला असता, तरी ते प्रमाणपत्र देणं योग्यच होतं.

आपल्या ग्रुपमध्ये, ऑफिसात, घरातही असा एखादा हुशार आणि बेभरवशाचा माणूस असतो. त्याच्यामुळे बाकीचे भरडले जात असतील, तर त्याला थांबवावं. फक्त जाताना त्याची वाट अडवू नये, आणि तो गेल्यावर हसू नये.